मेणाचा कान

चहाच्या रांगेत मागे उभा असलेला माणूस आपल्याकडे टक लावून पाहतो आहे, हे तिला पाठ फिरवलेली असूनही जाणवले. रुग्णालयाच्या उपाहारगृहात दुपारची नेहमीची गर्दी होती. बाहेर भुरभुर पाऊस लागल्यामुळे अंगणात उभे राहून चहा पिणारेही आत शिरले होते आणि रांग भिंतीला धरून वळली होती. ती थोडी पुढे सरकली. नजरही पुढे सरकली. शेवटी तिने वळून पाहिले. तिशी ओलांडलेला, बोटांना पांढरट भुकटी लागलेला एक माणूस तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, तर चेहऱ्याच्या किंचित बाजूला, घट्ट बांधलेल्या केसांच्या खाली कुठेतरी पाहत होता. जवाहिऱ्याने खडा पारखावा, तसा.

"काही हवंय का?" तिने विचारले.

"कान," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. "म्हणजे... तुमचा कान. माफ करा."

"काय झालंय माझ्या कानाला?"

"काही नाही झालेलं. चांगला आहे."

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितले की रागवावे की हसावे, हे तिला ठरवता येईना. तिने रागावणे पसंत केले, चहा न घेताच रांग सोडली आणि तावातावाने जिना चढून आपल्या प्रयोगशाळेत आली. पांढरी टोपी कानांवर ओढताना मात्र क्षणभर आरशात डोकावण्याचा मोह तिला आवरला नाही. कान होता तिथेच होता.

दिवस मावळायच्या आत तोच माणूस प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. त्याला घेऊन रुग्णालयातल्या सर्जनबाई आल्या होत्या. अपघातात किंवा भाजल्यामुळे कान, नाक, बोट गमावलेल्या माणसांसाठी तो सिलिकॉनचे अवयव घडवीत असे. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत त्याची कार्यशाळा होती. कान न्याहाळणे हा त्याचा व्यवसायच. पहारेकऱ्याचे, हिशेबनिसाचे, खुद्द आपलेही कान तो असाच पाहत असतो, असे बाईंनी हसत हसत सांगितले, तेव्हा दुपारचा तिचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा तिने मुद्दामच ठेवून दिला. प्रयोगशाळेत त्या दिवसापासून त्याचे नाव 'कानवाले' पडले.

ती छापीत होती तेही कानच. तिच्या प्रिंटरच्या सुईतून शाई येत नसे. प्रथिनांचा दाटसर द्राव येई. दुसऱ्याच एका द्रावाने भरलेल्या तबकात सुई तो थरावर थर सोडीत जाई. दोन द्राव जिथे भेटत, तिथे दुधावर साय धरावी तसा पापुद्रा धरे, आणि त्यातले रेणू एकमेकांना शोधत आपल्याआपण धाग्यांत गुंफले जात. यंत्र फक्त ढोबळ आकार देई. बारीक वीण तो पदार्थ स्वतःच घाली. पुढे त्या विणीत कूर्चेच्या, कानातल्या मऊ हाडाच्या, पेशी वसवायच्या, म्हणजे कान हळूहळू जिवंत होई. अट एकच होती. जुळणी चालू असताना कुणी हात लावायचा नाही, तबक हलवायचे नाही, टेबलाला धक्कासुद्धा नाही. घाईने कुणी चिमट्याने कड सारखी करायला गेले, की वीण तिथेच तुटे आणि पुन्हा म्हणून धरत नसे. त्यामुळे दिवसभर तिच्या तोंडी एकच शब्द असायचा — थांबा. विद्यार्थी पाठीमागे तिला 'थांबाबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होते, आणि मनातून थोडे आवडतही होते.

कानवाल्याने तबकातला कान भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. वीण उत्तम आहे, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. मग तो जरा घुटमळला.

"पण हा कुणाचाच कान नाही."

शेकडो कानांची मापे घेऊन त्यांच्या सरासरीने हा आकार काढला आहे, असे तिने काहीशा अभिमानाने सांगितले.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "सरासरी कान घेऊन कुणी जन्माला येत नाही. हा एखाद्याला लावलात, तर त्याची बायको जन्मभर त्याच्याशी बोलताना कानाकडेच बघत बसेल."

सर्जनबाई मोठ्याने हसल्या. तिलाही हसू आले. ते तिने टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने लपवले. असे ठरले की, त्याने खऱ्या माणसाच्या कानावरून मेणाचा एक कान कोरायचा, यंत्राने त्याचा आकार टिपून घ्यायचा, आणि खऱ्या कानातली बारीकसारीक वाकणी हा पदार्थ पेलतो का ते पाहायचे.

तो येऊ लागला. आधी कामापुरता, मग कामाच्या थोडे आधी, मग काम संपल्यावरही. त्याचा सारा जन्म हात लावण्यात गेलेला. मेण असो, माती असो, सिलिकॉन असो, अंगठ्याने दाबल्याशिवाय त्याला वस्तू समजत नसे. तिची रीत नेमकी उलटी. सुई थांबली की ती दोन्ही हात काखेत घट्ट धरून तबकासमोर बसे. तसे केले नाही तर आपलेच हात आपले ऐकणार नाहीत, अशी तिची समजूत होती. एके दिवशी तोही शेजारच्या स्टुलावर तस्साच हात बांधून बसला.

"एवढा वेळ असं बसायचं म्हणजे शिक्षाच की," तो पुटपुटला.

"हात लावलात तर खरी शिक्षा मिळेल."

"कोण देणार?"

"मी."

"मग विचार करायला हरकत नाही."

तिने तबकावरची नजर हलवली नाही. पण टोपीखाली आपले कान तापले आहेत, हे तिला पक्के ठाऊक होते, आणि तो कानांचाच जाणकार असल्यामुळे टोपी घातल्याचे तिला फार बरे वाटले.

दुपारच्या चहाला मग रांगेत ती दोघे एकामागोमाग उभी राहू लागली. तिथे टोपी नसे. तो जगातल्या तऱ्हेतऱ्हेच्या कानांच्या गोष्टी सांगे. ती पाणचट चहाला नावे ठेवी. एकदा त्याने 'चला, थांबाबाई' अशी हाक मारली आणि हे नाव आपल्याला कुणी सांगितले हे सांगायचे साफ नाकारले. तिने दिवसभर रागावल्याचे सोंग केले. संध्याकाळपर्यंत ते नाव दोघांच्याही अंगवळणी पडले होते.

मेणाचा कान त्याने आणला, तेव्हा तो कापसाच्या गादीवर, एका लहानशा डबीत निजवलेला होता. डावा कान. तिने तो चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला आणि परीक्षकाच्या थाटात त्याचे गुणदोष काढू लागली. वरच्या कडेला एके ठिकाणी, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी बारीकशी दुमड होती. खालची पाळी सुटी न लोंबता सरळ गालाला जाऊन मिळत होती. ही दुमड छापताना फार त्रास देईल, असे तिने सांगितले. ती काढून टाका, आणि जमलं तर पाळीही जरा सुधारा.

तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"ते दोष नाहीत," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"त्यावरूनच तर माणूस ओळखायचा."

"कुणाचा आहे हा?"

"आहे... एका ओळखीच्या माणसाचा." तो पिशवीत काहीतरी शोधू लागला, पिशवी रिकामी आहे हे तिला दिसत होते. "ओळखलात, तर सांगा मला."

हा कान त्याच्या एखाद्या रुग्णाचा असणार, असे ती धरून चालली. रुग्णाची ओळख बाहेर फोडायची नाही, हा रुग्णालयाचा पहिला नियम. तो मोडायला लावणे तिच्या स्वभावात नव्हते. त्याने 'ओळखा' म्हणणे हा तिला नेहमीचा थट्टेचा सूर वाटला. तिने पुन्हा विचारले नाही. विचारले नाही हा आपला चांगुलपणा आहे, असेही तिला त्या वेळी वाटले.

दुमडीने खरोखरच छळले. कधी ती छापतानाच फाटे, कधी पदार्थ तिला गुपचूप सरळ करून टाकी. जणू त्यालाही तो दोषच वाटत होता. तिने सुईचा वेग कमी केला, द्रावाची घनता बदलली, दुमडीच्या ठिकाणी थर तिरपे सोडून पाहिले. एरवी एव्हाना तिने नाद सोडला असता. पण कानवाला दुमडीवर अडून बसला होता, आणि तो अडून बसला होता म्हणून तिलाही ती प्राणापलीकडे महत्त्वाची वाटू लागली. एका सकाळी तिने तबकावरचे झाकण काढले, तर पाण्यासारख्या नितळ द्रावात कान निश्चल उभा होता, आणि वरच्या कडेला ती इवलीशी दुमड, जशीच्या तशी.

"सुंदर आहे," ती नकळत म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला.

डबी आणली तो दिवस, असे तिला वाटले.

घरी आई, भाऊ आणि वहिनी होती. आईला काही सांगावे लागले नाही आणि वहिनीपासून काही लपवता आले नाही. वहिनी भाजी चिरता चिरता सहज विचारल्यासारखे विचारी, कानवाल्यांचं पुढं काय, वन्सं? पुढं काय म्हणजे काय, असे म्हणून ती टाळू पाही. मग एकदा तिने मन मोकळे केले. चांगली गोष्ट तिच्या वेळेने जुळते, तिने समजावले. मधेच ओढाताण केली तर वीण तुटते. त्याला काही म्हणायचे असेल तर तो म्हणेल. सगळे आपोआप होते आहे, होऊ दे.

"आपोआप फक्त दूध उतू जातं," वहिनी म्हणाली. "बाकी सगळ्याला कुणीतरी हात लावावा लागतो."

ती हसली. वहिनीला प्रयोगशाळेतले काय कळणार, असे तिच्या मनात आले, आणि पुढे कितीतरी दिवस त्या हसण्याची तिला लाज वाटत राहिली.

कारण वर्ष सरता सरता त्याला दूरच्या एका शहरातून बोलावणे आले. भाजलेल्या रुग्णांसाठी तिथे मोठे केंद्र उभे राहत होते. अवयव घडवण्याचा सारा विभाग त्याच्या हाती द्यायला ते तयार होते. त्याने हे तिला अंगणातल्या बाकावर बसून सांगितले. हातातला चहा निवत चालला होता. तो केंद्राबद्दल पुष्कळ बोलला, तिथल्या जागेबद्दल, यंत्रांबद्दल; आणि मग बोलण्यासारखे काही न उरल्यामुळे गप्प झाला.

"जाऊ का?" त्याने विचारले.

'नका जाऊ' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तसे तिच्या अगदी ओठांवर होते, हे तिने पुढे स्वतःला अनेकदा बजावले, जणू त्याने काही भरपाई होणार होती. पण त्याच क्षणी तिच्या मनात आले, मी आत्ता ओढले तर तो राहील. मात्र ते राहणे माझे असेल, त्याचे नव्हे. उद्या तिथली संधी त्याला आठवेल आणि वीण नेमकी त्याच जागी तुटेल. त्याचे त्यालाच ठरवू द्यावे. राहायचे असेल, तर तो आपण होऊन राहील.

"हा निर्णय तुमचा आहे," ती म्हणाली. "मी त्यात काही म्हणणं बरोबर दिसणार नाही."

त्याने मान हलवली. कपाकडे पाहत विचारले, "तो कान... कुणाचा ते कळलं का कधी?"

"मी विचारणार नाही. सांगण्यासारखं असतं, तर तुम्हीच सांगितलं असतं."

"हो," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं."

तो उठला. अंगण ओलांडून फाटकाशी गेला आणि तिथे पिशवीचा पट्टा बांधायला थांबला. पट्ट्याला लागावा त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ त्याने लावला. ती बाकावर दोन्ही हात काखेत घट्ट धरून बसली होती. मग पट्टा बांधून झाला.

सुरुवातीला फोन येत. केंद्राचे काम, नवे सहकारी, तिथला तसलाच पाणचट चहा. मग निरोप येऊ लागले, मग निरोपही विरळ झाले. कुणी रागावले नव्हते, भांडण झाले नव्हते. त्यामुळे नेमके काय संपले, हे कुणाला सांगण्याचीही सोय नव्हती. ती कामात बुडाली. दुमडीच्या कानात पेशी वसल्या, रुजल्या. वाकवला तर वाकून पुन्हा पूर्वपदावर येणारी खरी कूर्चा तयार झाली. प्रयोगशाळेतल्या सर्वांनी तिचे कौतुक केले. आता टेबलापाशी तिच्या शेजारचे स्टूल रिकामे असे. विद्यार्थी त्यावर खोकी ठेवू लागले तेव्हा तिने ती उचलायला लावली, पण कारण सांगितले नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, माणसांना आपल्या घरच्यांचे काम पाहता यावे म्हणून प्रयोगशाळा एक दिवस सर्वांसाठी खुली ठेवली गेली. तो कान आता नितळ द्रावाच्या बरणीत, खिडकीपाशी मांडला होता. आई वहिनीचा हात धरून आली. एकेका यंत्रापुढे थांबून, न कळलेल्या गोष्टींनाही मान डोलावीत ती बरणीपाशी पोहोचली, वाकली, चष्मा सारखा केला.

"हा तुझा कान इथं कसा?" तिने विचारले.

ती हसून सांगू लागली की हा माझा नव्हे, एका रुग्णाचा आहे, त्याची ओळख आम्ही सांगत नाही... आईने ऐकून घेण्याची तसदी घेतली नाही. लहान मुलाची काढावी तशी तिची टोपी काढली आणि गार बोटाने तिच्या कानाची वरची कड चाचपली.

"ही दुमड बघ. जन्मापासूनची. तुला पाजायला घेतलं की मी रोज बोटानं सरळ करायची. डॉक्टर म्हणाले, हात लावू नका, आपोआप होईल सरळ."

"मग?"

"नाही झाली," आई म्हणाली. "पण तोवर मला ती आवडायला लागली होती."

वहिनी बरणीकडे पाहत होती, मग तिच्याकडे.

आपला कान माणसाला सरळ कधी दिसत नाही. आरशात दिसतो तो उलटा, आणि तोही मान वळवून, डोळे तिरपे करून. तिने फोन कानाशी धरून एक छायाचित्र काढले आणि बरणीशेजारी ठेवले. कित्येक महिने तिने तो कान भिंगाखाली धरला होता. त्याची खोल जागा, त्याची कड, त्याची पाळी तिला पाठ होती. त्याला तिने नावे ठेवली होती, सुधारा म्हटले होते. 'ते दोष नाहीत.' 'मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.' प्रत्येक वाक्य आता आपापल्या जागी जाऊन बसत होते. कुणी हात न लावता, अगदी सावकाश, आणि सगळे होऊन गेल्यावर.

संध्याकाळी घराच्या गच्चीवरून तिने फोन लावला. फार वाट पाहावी लागली नाही.

"थांबाबाई?" तो म्हणाला. आवाजात तोच ओळखीचा सूर होता, थोडा बिचकलेला.

"कान ओळखला," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कधी?"

"आज. म्हणजे आईनं ओळखला."

तो हलकेच हसला. मग त्याने माफी मागितली. न विचारता कुणाचा कान घ्यायचा नसतो, त्याच्या व्यवसायात तर नाहीच नाही. "वाटलं होतं, ओळखाल, चांगल्या रागवाल, आणि मग मला बोलायला तोंड फुटेल. एरवी मला... जमत नाही ते. तुमचाच नियम पाळत होतो मी. ठेवलं, आणि हात काढून घेतला."

ती कठड्याला टेकली. खालच्या रस्त्यावर दिवे लागत होते.

"चुकलं तुमचं," ती म्हणाली. "आणि माझंही."

मग त्याने जे सांगायचे होते ते सांगितले, आणि तिला ते तो सांगायच्या आधीच कळले होते. गेल्या उन्हाळ्यात त्याचे लग्न झाले होते. त्याची बायको तिथेच, भाजलेल्यांच्या वॉर्डात परिचारिका होती. त्याचे बोलणे होईना, तेव्हा तिनेच एके दिवशी सरळ विचारले.

"चांगलं केलं तिनं," ती म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटले.

त्याने आईची चौकशी केली, कानाची केली. कूर्चा वाकून परत येते, हे ऐकून त्याला खरोखर आनंद झाला. दुमड टिकली का? टिकली. मग बोलण्यासारखे काही उरले नाही, त्या दिवशी बाकावर उरले नव्हते तसेच.

"ठेवू का मग?"

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. एवढ्या एका शब्दावर, का म्हणून न विचारता, लगेच थांबला. पलीकडे त्याच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला; त्याचा श्वास तिला स्वच्छ ऐकू येत होता. फोनच्या काचेखाली तिच्या डाव्या कानाची वरची कड दाबली गेली होती, आणि तिथली ती इवलीशी दुमड तिला बोट न लावताही जाणवत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "ठेवा."